दूरच्या सर्व्हरवर टीमक्स: कोणती फाइल केव्हा वाचली जाते

जुन्या मराठी नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या पानांवरून मजकूर ओळखून काढण्याचे काम मी एका संशोधन प्रकल्पासाठी करते. हे काम टेसरॅक्ट या प्रोग्रामने होते, पाने हजारोंनी आहेत आणि घरच्या लॅपटॉपचा तो आवाका नाही. म्हणून पुण्यातील एका संस्थेच्या सर्व्हरवर खाते घेऊन साताऱ्याहून ते चालवावे लागते. एकाच जोडणीत अनेक टर्मिनल उघडून देणारा आणि जोडणी तुटली तरी त्यांतील काम चालू ठेवणारा टीमक्स हा टर्मिनल मल्टिप्लेक्सर मी याच गरजेपोटी शिकले. माझे शिक्षण भाषाशास्त्राचे आहे, संगणकाचे नाही. टीमक्सच्या आदेशांच्या याद्या हव्या तितक्या मिळतात; पण कोणती प्रारंभ-फाइल कोण वाचतो, केव्हा वाचतो आणि किती वेळा वाचतो, हे मला एका जागी कुठे सापडले नाही, आणि माझा बहुतेक वेळ त्या उलगड्यातच गेला. आदेशांची आणि पर्यायांची नावे पुढे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत टंकावीत.

खात्यासाठीचा अर्ज मी ८ जानेवारी २०२४ रोजी दिला. त्यावर प्रकल्पप्रमुखांची आणि विभागप्रमुखांची सही लागते, सोबत एसएसएचची (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या सोयीची) सार्वजनिक किल्ली ईमेलने पाठवावी लागते, आणि सर्व्हरवर काय चालवणार, किती कोअर वापरणार, किती जागा लागेल हे अंदाजे लिहून द्यावे लागते. विभागप्रमुख दौऱ्यावर असल्याने सहीसाठी आठवडा गेला, आणि खाते सुरू झाल्याची ईमेल २४ जानेवारीला आली. एक सूचना येथेच करून ठेवते: अर्जात 'दीर्घकाळ चालणाऱ्या प्रक्रिया' असा रकाना असेल तर तो रिकामा सोडू नये. लॉगआउट केल्यानंतर वापरकर्त्याच्या सगळ्या प्रक्रिया बंद करण्याची सोय सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकात आहे. ती काही ठिकाणी चालू असते, काही ठिकाणी नसते, आणि ती चालू असेल तर टीमक्सही त्याबरोबर जातो. आमच्याकडे ती बंद असल्याचे मला संगणक कक्षाने लेखी कळवले, त्यामुळे पुढची एक शंका आधीच मिटली.

एसएसएचची जोडणी तुटली की तिच्यातील टर्मिनल संपते, त्या टर्मिनलमधील प्रोग्रामला 'हँगअप' हा संकेत जातो आणि बहुतेक प्रोग्राम तो मिळताच थांबतात. आमच्या भागात संध्याकाळी वीज जाते आणि राउटर बंद पडतो. इन्व्हर्टरला नवी बॅटरी घातली, त्याला साडेतेरा हजार रुपये लागले, आणि राउटर चालू राहू लागला. तरी ब्रॉडबँडची लाइन पलीकडून तुटायची ती तुटतच राहिली. पहिले काही दिवस मी 'नोहप' हा हँगअपकडे दुर्लक्ष करायला लावणारा आदेश वापरून काम चालवले. त्याने काम मरत नाही, हे खरे. पण पुन्हा जोडणी केल्यावर त्या कामाशी काही बोलता येत नाही, फक्त त्याची नोंदफाइल वाचता येते. पाने तपासता तपासता मध्येच थांबवून पुन्हा सुरू करायची असतील, तर ते अपुरे पडते.

मल्टिप्लेक्सर दोन प्रसिद्ध आहेत. ग्नू स्क्रीन १९८७ पासूनचा आहे. टीमक्स निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये सुरू केला आणि २००९ मध्ये तो ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या मूळ संचात आला. स्क्रीन वाईट नाही, आणि सर्व्हरवर तोच बसवलेला असेल आणि गरज फक्त काम जिवंत ठेवण्याची असेल, तर त्याच्यावर भागवावे असे माझे मत आहे. मला एका पडद्याचे उभे-आडवे भाग करून एकीकडे पान आणि दुसरीकडे नोंद पाहायची होती, म्हणून टीमक्स निवडला.

आमच्या सर्व्हरवर तेव्हा सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली होती आणि त्याच्याबरोबर येणारा टीमक्स १.८ आवृत्तीचा. हे कळायला 'टीमक्स' आणि पुढे मोठ्या व्ही अक्षराचा पर्याय एवढेच टंकावे लागते, आणि प्रारंभ-फाइलीची पहिली ओळ लिहिण्याआधी ते करावेच. याचे कारण असे की पर्यायांची नावे आवृत्तीगणिक बदलत गेली आहेत. माऊससाठी आधी चार वेगवेगळे पर्याय होते, ते २.१ मध्ये एकाच 'माऊस' या पर्यायात आले; पडद्याच्या तळाच्या पट्टीच्या रंगांचे जुने पर्याय २.९ मध्ये काढून टाकले गेले. आज कुठूनही उचललेली फाइल १.८ ला दिली की ओळीच्या क्रमांकासह 'अननोन ऑप्शन' अशा तक्रारींची रांग लागते.

नव्या आवृत्तीसाठी मी २९ जानेवारीला ईमेल केली. 'पुढील देखभालीच्या वेळी विचार केला जाईल' असे उत्तर आठ दिवसांनी आले. कक्षातील सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या होम डिरेक्टरीत काय बसवायचे ते बसवा, फक्त रूट मागू नका." (रूट म्हणजे प्रशासकाचा अधिकार.) ही परवानगी मी त्यांच्याकडून ईमेलनेही घेतली, खात्याच्या नियमांत 'अनधिकृत सॉफ्टवेअर' असे एक कलम होते आणि तोंडी परवानगी त्या कलमापुढे टिकली नसती.

टीमक्स स्वतः बांधायचा तर सी भाषेचा कंपायलर, मेक, याक किंवा बायसन आणि पीकेजी-कॉन्फिग लागतात. शिवाय लिबइव्हेंट आणि एनकर्सेस या दोन लायब्ररी. कंपायलर आणि त्याच्याबरोबरची साधने सर्व्हरवर होती, लायब्ररींच्या हेडर फाइली नव्हत्या. म्हणून आधी लिबइव्हेंट, मग एनकर्सेस आणि शेवटी टीमक्स ३.३ए, या क्रमाने तिन्ही होम डिरेक्टरीतील डॉट-लोकल या फोल्डरमध्ये बांधले. याचा सराव आधी भाड्याच्या छोट्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) केला. त्याचे महिन्याला सुमारे साडेचारशे रुपये पडले आणि मार्चअखेर ते बंद केले. तसा सराव परवडत नसेल तर तो केलाच पाहिजे असे नाही, पण संस्थेच्या सर्व्हरवर कोणी पाहत असेल या धास्तीशिवाय हात मोकळा होतो. बांधणी झाल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. जुन्या टीमक्सचे एखादे सत्र (त्यात उघडलेल्या टर्मिनलांचा संच) मागे चालू असेल तर नवा टीमक्स त्याला जोडायला जातो आणि 'प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच' म्हणून थांबतो. जुने सत्र बंद केले की प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट रंगांची. टीमक्सच्या आत टर्मिनलचा प्रकार 'टीमक्स-२५६कलर' ठेवावा असा सल्ला सर्वत्र मिळतो, पण सेंटओएस ७ च्या जुन्या एनकर्सेसला तो प्रकार ठाऊक नाही. तेथे 'स्क्रीन-२५६कलर' ठेवावे आणि पुढे जावे.

आता मुख्य फाइल. ती होम डिरेक्टरीत डॉट-टीमक्स-डॉट-कॉन्फ या नावाने असते, ३.१ पासून डॉट-कॉन्फिगमधील टीमक्स या फोल्डरमध्येही ठेवता येते. टीमक्स म्हणजे प्रत्यक्षात दोन प्रक्रिया आहेत: मागे राहणारा सर्व्हर आणि आपल्या टर्मिनलपुरता क्लायंट. पहिले सत्र उघडताना सर्व्हर जन्माला येतो, तेव्हा तो ही फाइल वाचतो, आणि त्यानंतर आपण सांगेपर्यंत पुन्हा कधीही वाचत नाही. फाइल बदलून डिटॅच केले (सत्र चालू ठेवून बाहेर पडले), पुन्हा जोडले, एसएसएच तोडून परत आले, तरी काहीही बदलत नाही, कारण सर्व्हर तोच असतो. बदल लागू करण्यासाठी 'सोर्स-फाइल' हा आदेश आहे. पण तो फाइल वरून खाली पुन्हा चालवतो इतकेच. फाइलीतून जी ओळ काढून टाकली तिचा परिणाम तो मागे घेत नाही. एखादी कळ बांधून मग ती ओळ पुसली, तरी 'अनबाइंड' करेपर्यंत ती कळ बांधलेलीच राहते. त्यामुळे 'सोर्स-फाइल'ने सगळे ठीक दिसते आणि पुढच्या महिन्यात सर्व्हर नव्याने सुरू झाला की तीच फाइल वेगळी वागते, असे होऊ शकते.

यावरचा उपाय मला सर्वांत उपयोगी पडला. मोठ्या एल अक्षराच्या पर्यायाने दुसऱ्या नावाचा सॉकेट (क्लायंट ज्यातून सर्व्हरला जोडतो ती फाइल) देऊन आणि लहान एफ अक्षराच्या पर्यायाने चाचणीची फाइल देऊन टीमक्स सुरू केला, की एक संपूर्ण वेगळा सर्व्हर उभा राहतो. त्याला कितीही वेळा मारावे, पुन्हा उठवावे. मूळ सर्व्हरमध्ये रात्रभर चाललेल्या कामाला धक्का लागत नाही. फाइलीच्या जागी 'डेव्ह-नल' दिले तर कोणतीही फाइल न वाचलेला कोरा टीमक्स मिळतो, आणि एखादी अडचण आपल्या फाइलीची आहे की बाहेरची, याचा निकाल तेथल्या तेथे लागतो.

माझी फाइल लहान आहे आणि ती लहान असावी असे माझे ठाम मत झाले आहे. तीन-तीनशे ओळींच्या तयार फाइली आणि प्लगइनचे संच मिळतात. त्यांतील कोणती ओळ कशासाठी आहे हे न समजता त्या घेतल्या तर आवृत्ती बदलताच दुरुस्त कोण करणार? मी ठेवलेल्या ओळींपैकी चार सांगण्यासारख्या आहेत. 'हिस्टरी-लिमिट' (मागे जाऊन पाहता येणाऱ्या ओळींची मर्यादा) मुळात २००० ओळींचा असतो, तो मी ५०,००० केला. मात्र तो नव्या पेनलाच (पडद्याच्या भागालाच) लागू होतो, उघडलेल्या पेनला नाही. 'एस्केप-टाइम' ३.३ए मध्ये ५०० मिलिसेकंद असतो आणि त्यामुळे व्हिम या संपादकात एस्केप दाबल्यावर अर्धा सेकंद काही होत नाही. तो १० केला. 'मोड-कीज' (मजकूर कॉपी करतानाच्या कळांची पद्धत) स्पष्टपणे व्हीआय असे लिहून टाकले, कारण ते न लिहिल्यास टीमक्स सुरू होताना एडिटर या चलाच्या मूल्यात 'व्हीआय' ही अक्षरे आहेत का ते पाहून स्वतःच ठरवतो, आणि मग दोन यंत्रांवर तीच फाइल दोन रीतींनी वागते. चौथी ओळ पेनच्या विभागणीची. १.९ पासून नवा पेन आधीच्या पेनच्या फोल्डरमध्ये आपोआप उघडत नाही, म्हणून विभागणीच्या आदेशाला 'पेन-करंट-पाथ' जोडावे लागते, आणि ते अवतरणात लिहावे लागते. अवतरणाबाहेरच्या हॅश चिन्हापासून पुढचे सगळे टीमक्स टिप्पणी समजतो. प्रत्येक ओळीच्या वर ती कशासाठी आणि कोणत्या आवृत्तीपासून चालते हे मी लिहून ठेवले आहे.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात टीमक्स नीट चालू लागला आणि मग शेलच्या (आपले आदेश वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलींचा प्रश्न पुढे आला. टीमक्स प्रत्येक नव्या पेनमध्ये, वेगळे काही सांगितले नसेल तर, लॉगिन शेल उघडतो. बॅश हा आमचा शेल लॉगिन शेल म्हणून उघडला की तो बॅश-प्रोफाइल ही फाइल वाचतो, बॅश-आरसी नाही. सेंटओएसच्या तयार बॅश-प्रोफाइलमध्ये बॅश-आरसी वाचण्याची ओळ आधीच असते म्हणून हा फरक जाणवत नाही. जिथे ती ओळ नसते तिथे टीमक्सच्या आत आपले सगळे एलियास (आदेशांची टोपणनावे) गायब झालेले दिसतात. आमच्याकडे उलट घडत होते. एसएसएचने आत येताना बॅश-प्रोफाइल एकदा वाचली जाई, त्यात डॉट-लोकलचा पत्ता पाथच्या (आदेश ज्या फोल्डरांत शोधले जातात त्या यादीच्या) आधी जोडला जाई. मग टीमक्सच्या पेनमध्ये तीच फाइल पुन्हा वाचली जाऊन तोच पत्ता पुन्हा जोडला जाई. पाथ छापून पाहिला तर एकच फोल्डर दोनदा आणि आतून आणखी लॉगिन शेल उघडला तर तीनदा. यात काही मोडत नाही, पण कोणता टीमक्स चालतो आहे हे शोधताना डोके फिरते. पत्ता आधीपासून आहे का हे पाहून मगच जोडणारी 'केस'ची अट घातली की हे थांबते. टेसरॅक्टला एका वेळी एकच धागा वापरायला लावणारे 'ओएमपी-थ्रेड-लिमिट' हे चलही मी येथेच ठेवले, कारण अर्जात लिहून दिलेल्या कोअरपेक्षा जास्त वापरले की कक्षाची ईमेल येते.

यानंतरचा प्रश्न खास आपला आहे. आमच्या फाइलींची नावे देवनागरीत आहेत. एसएसएचने आत आल्यावर ती नीट दिसत. टीमक्स उघडला की प्रत्येक अक्षराच्या जागी अधोरेषा. टर्मिनल तेच, फॉन्ट तोच. टीमक्सच्या माहितीपानात लहान यू अक्षराच्या पर्यायापाशी याचे कारण दिले आहे. क्लायंट सुरू होताना टीमक्स एलसी-ऑल, एलसी-सीटाइप आणि लँग या चलांपैकी, याच क्रमाने, जे पहिले भरलेले सापडेल त्यात 'यूटीएफ-८' (देवनागरीसह सर्व लिप्यांची संकेतपद्धती) ही अक्षरे शोधतो. सापडली तर देवनागरी पाठवतो, नाहीतर अधोरेषा. आता लिनक्सवर मराठीच्या लोकेलचे (भाषा आणि प्रदेशाच्या मांडणीचे) नाव नुसते 'एमआर', अधोरेषा, 'आयएन' एवढेच आहे. ते आतून यूटीएफ-८ च आहे, पण नावात ते शब्द नाहीत. भारतीय इंग्रजीच्या लोकेलचेही असेच. उबुंटूवरचा एसएसएच लॅपटॉपचे लँग सर्व्हरला पाठवतो, सर्व्हर ते स्वीकारतो, आणि टीमक्सला वाटते की समोरचे टर्मिनल यूटीएफ-८ जाणत नाही.

उपाय साधा आहे: बॅश-प्रोफाइलमध्ये लँगचे मूल्य शेवटी टिंब आणि 'यूटीएफ-८' जोडून निर्यात करावे, किंवा दर वेळी लहान यू अक्षराच्या पर्यायासह टीमक्स जोडावा. टीमक्सच्या प्रारंभ-फाइलीत लँग बदलून मात्र उपयोग नाही, कारण ही तपासणी क्लायंटची असते आणि ती फाइल वाचतो सर्व्हर. चांगली गोष्ट अशी की याच कारणाने सर्व्हर बंद करावा लागत नाही. डिटॅच करून, लँग सुधारून पुन्हा जोडले की जुन्या पेनमधील नावेही देवनागरीत दिसू लागतात. तळाच्या पट्टीवरील तारखेत महिन्याचे नावही मराठीत उमटले, ते मला मनापासून आवडले. तरीही सत्रांची आणि विंडोंची नावे मी रोमन लिपीतच ठेवते. मात्रा आणि जोडाक्षरे किती रुंदीची धरायची यावर टर्मिनल, टीमक्स आणि आतला प्रोग्राम यांचे एकमत असतेच असे नाही, आणि नसले की पट्टीचा उजवा भाग सरकतो.

मार्चमध्ये सकाळच्या मांडणीसाठी एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. 'हॅज-सेशन'ने सत्र आहे का ते पाहायचे. नसेल तर 'न्यू-सेशन' लहान डी अक्षराच्या पर्यायासह मागच्या मागे उघडायचे, त्यात ओळखणी, तपासणी आणि नोंदीसाठी तीन विंडो करायच्या, आणि शेवटी जोडायचे. 'सेंड-कीज' हा आदेश जणू आपणच कळा दाबतो आहोत अशा रीतीने मजकूर पाठवतो, म्हणून ओळीच्या शेवटी 'एंटर' वेगळे लिहावे लागते. 'बेस-इंडेक्स' एक केला असेल तर शून्य क्रमांकाची विंडो मागणाऱ्या तयार स्क्रिप्ट चालत नाहीत. विंडोला क्रमांकाऐवजी नावाने हाक मारावी. आत येताच टीमक्स आपोआप जोडायचा असेल तर ती ओळ बॅश-प्रोफाइलच्या शेवटी, टीमक्स हे चल रिकामे असेल आणि शेल संवादी असेल तरच, अशा अटीने घालावी. बॅश-आरसीमध्ये ती नकोच, कारण आरसिंक आणि एससीपी या फाइली पाठवणाऱ्या आदेशांच्या जोडणीतही बॅश ती फाइल वाचतो. आणि 'एक्झेक' लावू नये. टीमक्स काही कारणाने सुरू झाला नाही तर लॉगिनच संपते. या फाइली बदलताना दुसरी एक जोडणी उघडी ठेवावी.

एप्रिलमध्ये एकदा 'नो सर्व्हर रनिंग' असे उत्तर आले, आणि टॉप या आदेशात तर टेसरॅक्ट चालताना दिसत होता. टीमक्सचा सॉकेट टीएमपी फोल्डरमध्ये असतो आणि रात्रीच्या साफसफाईत तो पुसला गेला होता. टीमक्सच्या सर्व्हर प्रक्रियेला 'यूएसआर१' हा संकेत पाठवला की तो सॉकेट पुन्हा तयार करतो. काम जसेच्या तसे मिळाले. पुढे 'टीमक्स-टीएमपीडीआयआर' हे चल होम डिरेक्टरीकडे वळवले. सर्व्हर यंत्रच पुन्हा सुरू झाले तर मात्र टीमक्सही काही करू शकत नाही: स्क्रिप्ट मांडणी परत आणते, काम नाही. म्हणून ओळखणीची स्क्रिप्ट झालेली पाने वगळून पुढे जाईल अशी लिहिली आहे.

सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आणि ऑगस्टमध्ये संस्थेने सर्व्हर रॉकी लिनक्स ९ वर हलवला. त्यात टीमक्स ३.२ए तयार येतो. माझी फाइल एकही ओळ न बदलता चालली, म्हणून स्वतः बांधलेला टीमक्स आणि त्याच्या लायब्ररी काढून टाकून कोट्यातील जागा मोकळी केली. मात्र आत येताच बॅशने लोकेल बदलता येत नसल्याची सूचना दिली. सेंटओएस ७ मध्ये सर्व भाषांची लोकेल एकत्र येत. रॉकी ९ मध्ये प्रत्येक भाषेचा लँगपॅक वेगळा बसवावा लागतो आणि मराठीचा बसवलेला नव्हता. त्यासाठी १९ ऑगस्टला विनंती अर्ज भरला, आणि तोवर एलसी-सीटाइपला 'सी.यूटीएफ-८' हे मूल्य देऊन देवनागरी नावांपुरती सोय केली. लँगपॅक ९ सप्टेंबरला बसला. पट्टीवरचा महिना मराठीत येण्यासाठी टीमक्सचा सर्व्हर नव्याने सुरू करावा लागतो, आणि त्यात सध्या एका मासिकाच्या अंकांची ओळखणी चालू असल्याने ते काम संपल्यावर करणार आहे.